म्हातारीच्या नावानं आलेला राजीनामा

१

बुधवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आक्कांनी राजीनामा दिला, आणि ही बातमी आक्कांना गुरुवारी साडेनऊला कळली.

त्या ब्रेल छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून अकरा पावलांवर त्यांची खोली. अंध मुलांच्या शाळांसाठी छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जायचं, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय पुस्तक बांधणीला जायचं नाही. आक्कांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही. गुरुवारी त्यांनी अकरा पावलं टाकली, दार ढकललं, हात पुढे केला, तर टेबल रिकामं. गणिताच्या पुस्तकाची पानं नाहीत, ठिपके दुरुस्त करायचा टोचा नाही, पाण्याची बाटली ठेवायची लाकडी चकतीसुद्धा नाही.

"कुणी आवरलं हे?"

दाराबाहेर आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई बसतात. त्यांना सगळे जावकबाई म्हणतात. त्यांनी घसा साफ केला. "आक्का, काल तुम्ही राजीनामा पाठवलात ना. साहेबांनी मंजूरही केला. म्हणून कपाटात ठेवलंय सगळं. नीट ठेवलंय हं."

आक्का खुर्चीवर बसल्या. खुर्ची तेवढी शिल्लक होती.

"मी काहीही पाठवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"अगंबाई! मग कुणी पाठवलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दुर्दैव एवढंच की दुपारपर्यंत तो जावकबाईंखेरीज कुणीही विचारला नाही.

मी त्या छापखान्यात नोकरीला नाही. अशा आठ लहान संस्थांची मेल मी सांभाळते. दुपारी मला छापखान्याच्या संचालकांचा, म्हणजे साहेबांचा, फोन आला.

"मॅडम, एक दाखला हवाय. आक्कांचा मेल खरा आहे, आपल्याकडूनच आलाय, एवढं दोन ओळींत लिहून द्या. उद्या चारला मंडळाची बैठक आहे. त्यात राजीनामा कायम होईल."

"बघून लिहू, की आधी लिहून मग बघू?"

साहेब हसले. मी विनोद केला नव्हता.

२

माझं काम दाराशी उभं राहण्याचं आहे. बाहेरचं कुठलंही मशीन मेल घेऊन आलं, की आत येण्याआधी ते आपलं नाव सांगतं. नमस्कार, मी अमुक, तुमच्यासाठी पत्र आहे. ही जगभरची रीत. लोकांना वाटतं, स्पॅम ओळखायचा तर पत्र उघडून वाचावं लागतं. मी पत्र वाचत नाही, मी आणणाऱ्याला बघते. नुसतं "मी" म्हणून घुसू बघतो त्याला हाकलते. माझंच नाव मला सांगतो त्यालाही हाकलते, कारण मी आत बसलेली असताना बाहेरून कशी येईन? बाकीच्यांचं नाव ज्या पत्त्यावर नोंदलेलं आहे तिथूनच ते आलेत का, एवढं ताडून बघते. लबाडांतले बहुतेक इथेच गळतात. खोटं बोलायलाही थोडा अभ्यास लागतो आणि स्पॅमवाले आळशी असतात.

ही अक्कल मला पुस्तकांनी दिली नाही, सासूबाईंनी दिली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझा आवाज त्यांना झोपेतही कळतो, तरी मी दार वाजवलं की आतून येतं, "कोण?" मी म्हणते, "मी." आतून येतं, "मी म्हणजे कोण?" नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नाही. घरात आजवर चोरी झालेली नाही, हेही खरं.

मी बुधवारची नोंद काढली. पत्र आक्कांच्या नावानं होतं, पण त्याला अर्थ नाही. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतो. मी बघितलं ते पत्र आणणाऱ्या मशीननं दाराशी काय नाव सांगितलं ते.

त्यानं सांगितलं होतं, "मी म्हातारी."

आणि त्यापुढे माझ्याच हातचा शेरा होता: तपासणी नको, आत सोडा.

म्हातारी म्हणजे छापखान्याचा स्कॅनर. एक पान घ्यायचं तर इतका कण्हायचा की नाव पडलं ते पडलं. स्कॅन झालेलं पान तो मेलनं पाठवायचा, पण दाराशी नीट नाव सांगणं त्याला जमायचं नाही, त्यामुळे माझं फिल्टर त्याला रोज हाकलायचं. छापखान्याच्या इंटरनेटचा नंबर दर आठवड्याला बदलायचा, म्हणून पत्ताही ताडता येईना. साहेब वैतागले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खोलीत बसून मी तोडगा काढला: जो कोणी म्हणेल "मी म्हातारी", त्याला न विचारता आत घ्यायचं. सगळे खूप हसले होते. दोन दिवसांत याचा नीट बंदोबस्त करते, असं मी म्हटलं होतं. त्यालाही दोन वर्षं झाली.

मेल ज्या नंबरावरून आला तो एका मोबाइल कंपनीचा निघाला. छापखान्याचं इंटरनेट दुसऱ्याच कंपनीचं आहे. म्हणजे कोणीतरी स्वतःच्या मोबाइलच्या जोडणीवरून, म्हातारीचं नाव सांगून आत आलं होतं. त्या एका नंबराआड हजारो माणसं असतात, त्यातून एक नाव निघणं कठीण.

पण म्हातारीची युक्ती माहीत असलेली माणसं हजारो नव्हती. त्या दिवशी साहेबांच्या खोलीत माझ्याखेरीज चौघं होती.

चोर ज्या खिडकीतून आला तिची कडी मीच काढून ठेवली होती. साहेबांना हवा असलेला दाखला मी डोळे मिटून दिला असता, तर हे कुणालाही कळलं नसतं. मला तो मोह झाला, आणि चहा पिऊन होईपर्यंत टिकला.

३

आक्का रिकाम्या टेबलाशीच बसल्या होत्या. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं आणि थांबा असंही म्हणालं नव्हतं.

मी म्हटलं, "पत्र छापलेलं आहे. 'प्रकृतीच्या कारणानं आजपासून सेवा सोडत आहे.' खाली तुमची सही. पान स्कॅन करून पाठवलंय."

"म्हणजे चित्र?"

"हो."

"अगं, मी चित्र कशाला पाठवेन? मी टाइप करते, कॉम्प्युटर मला ते मोठ्यानं वाचून दाखवतो, मगच मी पाठवते. चित्रात काय आहे ते मला कोण सांगणार? जे मला वाचता येत नाही ते मी पुढे सोडत नाही. सव्वीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

"हे साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, रागाच्या भरात माणूस काहीही करतं."

राग होता, हे खरं. तो गणिताच्या पुस्तकावरून होता. या वेळी पुस्तक माणसानं नाही, एका नव्या प्रोग्रॅमनं ब्रेलमध्ये उतरवलं होतं. तो प्रोग्रॅम अपूर्णांकांतली छेदाची खूण गाळायचा. एक छेद चारचे चौदा व्हायचे. आक्कांना अर्ध्या पुस्तकात चारशे बारा चुका सापडल्या होत्या आणि त्यांनी पुस्तक अडवलं होतं. गेल्या शुक्रवारी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "हे असंच छापणार असाल तर मी राजीनामा देईन." आता त्या नसतील तर अडवणारं कोणी नव्हतं. सोमवारी सहाशे प्रती छापायला लागणार होत्या.

"सही तुमची आहे," मी म्हटलं. "मी जुन्या कागदांशी ताडून बघितली."

आक्कांनी पर्समधून मधे खाच असलेली पत्र्याची पट्टी काढली. ती कागदावर ठेवून त्या खाचेतच सही करतात, म्हणजे ओळ सरळ येते. पट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मग कुठूनतरी उचलली असेल. मी सही खूप कमी कागदांवर करते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नोकरी गेली तर जाईल गं. पण ते चुकीचे 'चौदा' मुलांच्या हातात जातील."

आवाज चढला नव्हता. मला मात्र पहिल्यांदाच या प्रकरणाची लाज वाटली.

४

साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"तुम्ही दहा मिनिटांत राजीनामा मंजूर केलात," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला एकदा जाऊन विचारलंतही नाही?"

"खरं सांगू?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुटलो असं वाटलं. शाळा रोज फोन करतात, पुस्तक कुठे आहे. आक्का पुस्तक सोडत नाहीत. वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. चुकलंच माझं. पण मेल मी नाही पाठवला."

इतकं स्वच्छ बोलणारा माणूस एकतर निर्दोष असतो किंवा फार तयारीचा. साहेबांना बैठकीचं भाषणही लिहून द्यावं लागतं.

तळमजल्यावर छपाईचं मशीन चालवणारे गृहस्थ असतात, त्यांना मशीनमामा म्हणतात. मशीनच्या धडधडीमुळे ते सगळ्यांशीच ओरडून बोलतात.

"माझं आणि आक्कांचं काय विचारता ताई! पानं परत पाठवून पाठवून जीव नको केलाय त्यांनी. एका ठिपक्यासाठी अख्खं पान! पण रात्री मी शांत झोपतो ते त्यांच्या जिवावर. त्या गेल्या तर चुका माझ्या नावावर."

"बुधवारी अकराला कुठे होतात?"

"इथेच. पाठ धरली होती, स्टुलावर बसून होतो."

तिसऱ्या होत्या जावकबाई. बुधवारी अकराला त्या जागेवरच होत्या, आणि आक्काही समोरच्या खोलीत पानं तपासत होत्या. "माझ्या समोरून त्या हलल्यासुद्धा नाहीत. पण माझं कोण ऐकतंय? मी आपली बारकी."

चौथे उपव्यवस्थापक. प्रत्येक कामाचा तक्ता करून भिंतीला लावायची त्यांना हौस आहे, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना वेळापत्रक म्हणतात. नवा प्रोग्रॅम त्यांनीच आणला होता आणि गणिताचं पुस्तक वेळेत निघेल असं मंडळाला त्यांनीच लिहून दिलं होतं. शनिवारी दुपारपासून ते परगावी एका परिषदेला गेले होते. मी फोन लावला.

"हो, साहेबांनी पत्र मला पाठवलंय, वाचलं मी. फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण आक्कांचं वयही झालं होतं हो. उद्या मी थेट बैठकीलाच पोचतोय."

"त्यांनी पान स्कॅन कसं केलं असेल? कुणाची मदत घेतली असेल का?"

"मदत कशाला? म्हातारी त्यांच्या दाराबाहेरच तर आहे, चार पावलांवर. बटण कुठलं ते त्यांना पाठ आहे. बुधवारी केलं असेल जाता-येता."

मी आभार मानले. म्हातारीला या भेटीत अजून बघितलं नव्हतं, म्हणून उठून आक्कांच्या दाराबाहेरच्या कोपऱ्याशी गेले. तिथल्या स्टुलावर एक कुंडी होती. मनीप्लँटचा वेल दोन वीत वाढला होता.

"म्हातारी कुठे गेली?"

"ती होय?" जावकबाई म्हणाल्या. "गेली बिचारी. सोमवारी सकाळी धूर आला. साहेबांना विचारलं, ते म्हणाले काढून टाका. मामांनी खाली उतरवली, तेव्हापासून त्यांची पाठ धरलीय. दुपारी भंगारवाला घेऊन गेला. कोपरा ओकाबोका दिसत होता, म्हणून मी घरून कुंडी आणली."

म्हातारीला जाऊन दोन दिवस झाल्यावर तिनं राजीनामा पाठवला होता.

५

आता एक गोष्ट सरळ दिसत होती. मेलच्या तळाशी, म्हातारी छापायची तशीच ओळ होती: तिसरा मजला, बुधवार, अकरा वाजून दहा मिनिटं. पाठवणाऱ्याला नुसतं आत यायचं नव्हतं, आक्कांनी दाराबाहेर जाऊन पान स्कॅन केलं असं दाखवायचं होतं. चौघांतल्या तिघांना म्हातारी भंगारात गेल्याचं माहीत होतं. तिच्या नावाचं सोंग त्यांनी आणलं नसतं.

पण एवढ्यावर मंडळ कुणाला दोषी धरेल, असं मला वाटेना. तर्कावर माणसं माना डोलावतात आणि मग पुरावा मागतात.

संध्याकाळी घरी मी ते पान स्क्रीनवर मोठं केलं, आणखी मोठं केलं, काळं-पांढरं गडद केलं. मजकुराभोवतीचा कागद कोरा होता. सहीभोवती मात्र फिकट डाग होते. आधी वाटलं धूळ. पण धूळ रांगेत बसत नाही. हे डाग दोन-दोनच्या उभ्या रांगांत होते.

सासूबाई मागून डोकावल्या. "कांजिण्या आल्यात का कागदाला?"

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

सही ज्या कागदावरून उचलली होती तो ब्रेलचा कागद होता. उठावाच्या ठिपक्यांच्या सावल्या सहीबरोबर चित्रात आल्या होत्या. डोळस माणसाला त्या दिसल्या नाहीत, कारण डोळस माणूस सही बघतो, कागद बघत नाही.

शुक्रवारी सकाळी मी मोठ्या आकाराची छापील प्रत मशीनमामांना दाखवली. मामा बोटांनी नाही, डोळ्यांनी ब्रेल वाचतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी धरला.

"निम्मे ठिपके गळालेत. हे 'सा' आहे. पुढे 'त'. सातवी?" त्यांनी मान हलवली. "बाकीचं डोळ्याला लागत नाही ताई. बोटाला लागेल."

"मग बोटाला लागेल असं करून द्या."

मामांनी जाड कागद घेतला आणि टोच्यानं एकेक ठिपका उलट्या बाजूनं टोचून काढला. त्यांना पाऊण तास लागला. सहीच्या जागी त्यांनी रिकामी जागा सोडली.

६

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, नऊ खुर्च्या आणि बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या नजरेखाली मंडळाचे दोन सभासद विद्यार्थ्यांसारखेच बसतात. साहेब, मशीनमामा आणि जावकबाई होत्या. आक्का दाराजवळ. वेळापत्रक थेट प्रवासातून आले होते. त्यांचं सामान, परिषदेतल्या प्रदर्शनाच्या खोक्यासकट, भिंतीशी होतं.

मी आधी माझं पाप सांगितलं. म्हातारीच्या नावानं येणाऱ्याला तपासू नका, असा शेरा मी लिहिला, दोन वर्षं तसाच ठेवला, आणि राजीनामा त्याच वाटेनं आला. हा मेल खरा आहे असा दाखला मी देणार नाही.

"म्हणजे तुमची व्यवस्था कच्ची," वेळापत्रक म्हणाले.

"कच्ची. आणि ती कच्ची आहे हे चौघांना माहीत होतं. तुम्ही तर त्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं."

"मला सगळंच लिहून घ्यायची सवय आहे. लिहिणं हा गुन्हा नाही."

"नाही. आक्कांनी हे पान म्हातारीवर स्कॅन केलं, असं काल तुम्ही म्हणालात. कुठे आहे म्हातारी?"

"कुठे म्हणजे? वर, आक्कांच्या दाराबाहेर."

जावकबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तिथे माझी कुंडी आहे हो," त्या म्हणाल्या. "म्हातारी सोमवारीच भंगारात गेली."

वेळापत्रकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग टेबलावरचं पेन सरळ केलं. "मला ते माहीत नव्हतं. माहीत नसणं हा पुरावा नाही."

"बरोबर," मी म्हटलं, आणि मामांनी टोचलेला कागद आक्कांच्या हातात दिला. "आक्का, एवढं वाचा. निम्मे ठिपके नाहीत. राजीनाम्यावरच्या सहीभोवती हे होते."

आक्कांनी कागद मांडीवर घेतला. उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, रिकाम्या जागेपाशी थांबलं, परत फिरलं. दुसऱ्यांदा ते हळू गेलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"सातवी, भूगोल. नमुना पान. पुढे नद्यांचा धडा सुरू होतो." त्यांनी रिकाम्या जागेवर तळवा ठेवला. "इथे माझी सही आहे. ही मी शनिवारी सकाळी केली. एकाच पानावर केली. पान चौकटीत घालून परिषदेत मांडायचंय, खाली तपासणाऱ्याची सही शोभून दिसेल, असं म्हणाले." त्यांनी मान वेळापत्रकांच्या आवाजाच्या दिशेला वळवली. "तुम्ही म्हणालात. आणि दुपारी घेऊन गेलात."

अध्यक्षबाईंनी भिंतीशी असलेल्या खोक्याकडे बघितलं. "मामा, उघडा ते."

चौकट वरच होती. काचेमागे सातवीचा भूगोल, नद्यांचा धडा, आणि खाली खाचेत बसवल्यासारखी सरळ सही. मामांनी आपला कागद शेजारी धरला. जे ठिपके चित्रात आले होते ते सगळे जागच्या जागी होते. ते पान शनिवारपासून फक्त एका माणसाजवळ होतं.

वेळापत्रक खुर्ची मागे सारून उठले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच तक्त्याबाहेर गेला.

"दोन महिने मुलं पुस्तकाशिवाय बसलीयत. दोन महिने! त्याचं कुणाला काहीच नाही? थोड्या चुका राहिल्या असत्या, शिक्षकांनी सांगितल्या असत्या. काहीच नसण्यापेक्षा ते बरं."

ते मनापासून बोलत होते. मला ते आवडलं नाही, पण ते खोटंही नव्हतं.

"मी चौथीत असताना आमच्या गणिताच्या पुस्तकात अशीच एक खूण गळाली होती," आक्का म्हणाल्या. "शिक्षकांच्या हातात डोळसांचं पुस्तक. ते विचारायचे पाव, मी सांगायचे चौदा. बोटाला तेच लागायचं. मी दोन वर्षं ढ होते. त्याच वर्गात दोनदा बसले. चूक पुस्तकात आहे हे कळलं तोवर मी स्वतःला ढ समजायला शिकले होते. ते अजून पूर्ण गेलेलं नाही."

साहेबांनी खाकरून वातावरण आवरायला घेतलं. "झालं ते झालं. राजीनामा रद्द. आक्का उद्यापासून जागेवर. ही गोष्ट या खोलीतच राहू द्या. शेवटी नुकसान कुणाचंच झालेलं नाही."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही साहेब," आक्का म्हणाल्या, "काळ सोकावतो."

मामा फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि सगळं लिहून घ्यायला सांगितलं: राजीनामा खोटा, तो कोणी पाठवला, मंजूर कोणी केला, आणि दार कोणी उघडं ठेवलं. वेळापत्रकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. साहेबांच्या दहा मिनिटांचीही नोंद झाली. माझं नाव चौथ्या ओळीत आहे. मी ते तपासून सही केली.

७

बैठक संपल्यावर मी जावकबाईंच्या टेबलाशी बसून म्हातारीचा शेरा पुसला. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. दोन वर्षं मी तेवढाच वेळ काढू शकले नव्हते.

मग आक्कांचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आक्कांनी हात पुढे केला, मी माझा दिला. टाइप करून करून माझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो त्यांनी चाचपला आणि मगच हात सोडला.

"ये. शेरा काढलास?"

"काढला. आक्का, माझ्यामुळे..."

"ते वहीत लिहिलंय. पुन्हा कशाला सांगतेस?"

टेबलावर सगळं परत आलं होतं. पानांचे दोन गठ्ठे, टोचा, लाकडी चकती. त्यांनी डोळसांचं छापील गणित माझ्याकडे सरकवलं. "मला मूळ पुस्तक वाचून दाखवणारी मुलगी आज आलेली नाही आणि तीनशे पानं बाकी आहेत. मुलं थांबलीयत, एवढं तो खरं बोलला. वाच. हळू वाच, गाळू नकोस."

मी खुर्ची ओढली आणि खुणेचं पान उघडलं. "उदाहरण नववं. एका भांड्यात एक छेद चार लिटर पाणी आहे."

आक्कांचं बोट ओळीवरून जात होतं. ते थांबलं.

"चौदा," त्या म्हणाल्या आणि टोचा उचलला. "चारशे तेरा. पुढे."